तैवानच्या मुलाला इंग्रजीचा भूतकाळ कसा समजावू? वाचनही अडतंय

जुळे_सोलापूरची_ताई

नमस्कार. मी जुळे सोलापुरात घरी इंग्रजीच्या शिकवण्या घेते. चौदा वर्षं मराठी माध्यमाची आठवी ते दहावीची मुलं शिकवतेय, त्यामुळे आपली मुलं कुठे अडखळणार हे मला आधीच कळतं. या वेळची अडचण मात्र वेगळी आहे.

माझी धाकटी बहीण तैवानमध्ये सिंचूला असते. मेहुणे तिथे चिप बनवणाऱ्या कंपनीत आहेत. त्यांच्या शेजारची दोन भावंडं, मुलगा सातवीत आणि मुलगी पाचवीत, जूनपासून माझ्याकडे व्हिडिओ कॉलवर शिकतात. आपल्याकडे पाच वाजले की तिकडे साडेसात. घरात मँडरिन बोलतात, आईला कामापुरतं इंग्रजी येतं.

मुलगा फार कष्टाळू आहे. शब्द तर आपल्या दहावीच्या मुलापेक्षा जास्त पाठ. रिकाम्या जागा दिल्या की दहापैकी नऊ बरोबर. पण सुट्टीबद्दल पाच ओळी मनाने लिही म्हटलं, तर वहीत हे आलं: ‘येस्टर्डे आय गो टू माय ग्रँडमा हाऊस. शी कुक फिश. ही इज व्हेरी हॅपी. वुई ईट टू बोल राइस.’

मी प्रत्येक क्रियापदाला लाल गोल केला आणि वही कॅमेऱ्यासमोर धरली. तो थोडा वेळ गप्प बसला. मग आईला त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाला. आईने मला सांगितलं ते असं: ‘पहिल्याच वाक्यात येस्टर्डे लिहिलंय ना? मग प्रत्येक वाक्यात पुन्हा पुन्हा काल कशाला सांगायचं?’

मी ‘नियम आहे’ म्हणून पुढे गेले आणि रात्रभर ते मनातून गेलं नाही. प्रश्न अगदी रास्त होता.

दुसरी गोष्ट वाचनाची. हे एक वाक्य घ्या: ‘द मॅन हू सोल्ड मी द अंब्रेला यू आर होल्डिंग लिव्ह्ज निअर द टेंपल.’ यातला एकही शब्द त्याला अनोळखी नाही. तरी त्याने अर्थ सांगितला की माणसाच्या हातात छत्री आहे आणि तो देवळात राहतो.

चिनी बोलणाऱ्या मुलांना कुणी शिकवलंय का? मला नियमांचे तक्ते नकोत, ते माझ्याकडे भरपूर आहेत. त्या मुलाला काय उत्तर द्यावं ते सांगा.

निळी_शाई

ताई, मी पुण्यात तीन वर्षं मँडरिन शिकले, त्यावरून लिहिते.

त्या भाषेत क्रियापदाचं रूप बदलतच नाही. ‘छ्यू’ म्हणजे जाणे. मी, तू, आम्ही, काल, उद्या, सगळीकडे ‘छ्यू’. काळ कळतो तो काल-उद्या अशा शब्दांवरून. तो शब्द गोष्टीच्या सुरुवातीला एकदा आला की पुढची दहा वाक्यं त्याच काळात आहेत हे ऐकणारा धरूनच चालतो. म्हणजे तुमच्या विद्यार्थ्याने विसरून चूक केलेली नाही, त्याने चिनी पद्धतीने अगदी नीट लिहिलंय.

‘ल’ नावाचा एक छोटा शब्द क्रियापदानंतर येतो आणि पुष्कळ जण त्यालाच भूतकाळ समजतात. तसं शिकवू नका. तो काम पुरं झाल्याचं सांगतो. ‘उद्या शाळा सुटली की येतो’ या वाक्यातही तो येऊ शकतो. मुलाने ‘ल म्हणजे ईडी’ असं एकदा धरलं की पुढे सोडवताना नाकी नऊ येतात.

‘शी’चं ‘ही’ होतं तेही यामुळेच. तो आणि ती दोघांनाही बोलताना ‘ता’च. लिहिताना अक्षरं वेगळी आहेत, पण कानाला फरक नाही.

‘टू बोल राइस’चंही तसंच. नाम एकवचनी-अनेकवचनी होत नाही, आकडा सांगितला की झालं. आपल्याकडेही एक हात दोन हात, एक दगड दोन दगड असतंच की. आणि आकडा आणि नाम यांच्यामध्ये त्यांच्याकडे एक मोजशब्द लागतो, पुस्तकाला वेगळा, कागदाला वेगळा. त्यामुळे ‘अ पीस ऑफ पेपर’ त्यांना लगेच जमतं. तिथून सुरुवात करा, मुलाला हुरूप येतो.

जुना_मास्तर

मी स्पष्ट सांगतो. गो-वेंट-गॉन पाठ करून घ्या. आम्ही असंच शिकलो आणि आमचं इंग्रजी पक्कं झालं. मुलाच्या प्रत्येक ‘का’ला उत्तर देत बसलात तर वर्ष निघून जाईल.

जुळे_सोलापूरची_ताई

सर, तुमचं पाठांतराचं म्हणणं मला मान्य आहे, पण वेंट त्याला पाठ आहे हो. ‘येस्टर्डे आय डॅश’ असं छापील दिलं तर तो वेंटच लिहितो. तिकडे नववीच्या शेवटी मे महिन्यात जी मोठी परीक्षा असते, तिच्यात इंग्रजीचे वाचन आणि श्रवण असे दोन भाग आहेत, आणि दोन्हींत पर्याय निवडायचे असतात. त्यामुळे खुणेचा शब्द दिसला की रूप निवडायची सवय हाताला लागलेली आहे. खुणेचा शब्द चार ओळी मागे राहिला की घोटाळा होतो.

निळी_शाई, तुमचे किती आभार मानू! ‘ल’चं मला माहीतच नव्हतं, मी नेमकी तीच चूक करणार होते.

पूर्व_भागातल्या_बाई

ताई, मी सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीतल्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं, आता निवृत्त आहे. चिनी मला अक्षरभर येत नाही. पण वर्गातली निम्मीअधिक मुलं घरी तेलुगू बोलायची. ती मराठीत बिनदिक्कत ‘आई आलं’ म्हणायची. सुरुवातीला मी रागवायचे. मग एका पालकांनीच सांगितलं की तेलुगूत ‘अम्मा वच्चिंदि’ आणि ‘बस्सु वच्चिंदि’, आई येवो की बस येवो, क्रियापद एकच. त्या दिवसापासून माझं रागवणं थांबलं. मूल घरची भाषा बरोबर घेऊन आलेलं असतं, आपण फक्त तिच्याशेजारी दुसरी मांडायची.

तुमच्या मुलाला मी असं उत्तर देईन: ‘तुमच्या भाषेतलं क्रियापद कोरं आहे, त्यावर कोणताही काळ चालतो. इंग्रजीत कोरं क्रियापद नाहीच. आय गो म्हटलं की मी नेहमी जातो हे त्यात आलंच. म्हणून येस्टर्डे आय गो या वाक्यात दोन शब्द दोन वेगळ्या गोष्टी सांगतात आणि भांडतात.’ पुन्हा काल सांगायचा म्हणून वेंट लिहायचं नसतं, चुकून ‘नेहमी’ सांगितलं जाऊ नये म्हणून लिहायचं.

आता सराव. सात-आठ वाक्यांचा उतारा घ्या, ‘एव्हरी संडे’ने सुरू होणारा. मुलाला मोठ्याने वाचू द्या. मग वरचे दोन शब्द खोडून ‘लास्ट संडे’ लिहा आणि खाली काय काय हलतं ते त्यालाच शोधू द्या. एक शब्द बदलला आणि खालची आठ क्रियापदं बदलावी लागली, हे त्याच्या हाताने झालं पाहिजे. लाल गोल तुम्ही करू नका. त्याने क्रियापदं समासात एकाखाली एक उतरवायची आणि प्रत्येकासमोर मागे, आता की नेहमी ते त्याच्या भाषेत लिहायचं. क्रियापदांची ती उभी ओळ डोळ्यांना दिसली की त्यातलं चुकार रूप आपोआप खटकतं.

ही-शीला घरचा फोटो घ्या. आजी, आजोबा, मामा, बहीण. बोट ठेवायचं आणि वाक्य बोलायचं. रोज पाच मिनिटं, त्याहून जास्त नाही.

आणि ते छत्रीचं वाक्य मराठीत करून बघा: ‘तू धरलेली छत्री मला विकणारा माणूस देवळाजवळ राहतो.’ आपण सगळं वर्णन नामाच्या आधी ठेवतो. चिनीतही तसंच असतं का, निळी_शाई?

निळी_शाई

हो बाई, हुबेहूब! वर्णन आधी, मग ‘द’ हा छोटा शब्द, मग नाम. ‘लाल टोपी घातलेला मुलगा’ त्यांच्याकडे याच क्रमाने येतो. इंग्रजीत मुलगा आधी भेटतो आणि टोपी नंतर.

आणखी एक. ‘स्वेईरान… दानशी’ ही त्यांची जोडी म्हणजे आपलं ‘जरी… तरी’. त्यामुळे ‘ऑल्दो’नंतर ‘बट’ येणारच.

जुळे_सोलापूरची_ताई

अगदी! ‘ऑल्दो’ला ‘बट’ जोडणारी माझ्या दहावीच्या वर्गातही निम्मी मुलं आहेत. म्हणजे ही चूक मी आधीपासून ओळखते, फक्त तिचा पत्ता वेगळा.

सात_रस्ता

विषयाला धरून एक विचारतो. चीनमधल्या मुलांनाही अशा घरबसल्या शिकवण्या घेता येतात का? माझी बायको इंग्रजी शिकवते.

निळी_शाई

तिथे जुलै 2021 मध्ये खासगी शिकवण्यांवर कडक नियम आले. देशाबाहेर बसलेले परदेशी शिक्षक नेमायला तिथल्या शिकवणी कंपन्यांना बंदी झाली. तैवानला ते नियम लागू नाहीत.

जुळे_सोलापूरची_ताई

तीन आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफ करा. मधे इथे रोज संध्याकाळी लाईट जात होती आणि दोन तास बुडाले.

बाई, तुमचं ‘कोरं क्रियापद’ मी त्याच्या आईकडून चिनीत सांगवलं. मुलगा लगेच म्हणाला, ‘मग माझ्या आजीचं काय झालं? मी लिहिलं ते वाचून लोकांना ती रोज मासे करते असं वाटेल?’ हो म्हटलं. त्याने तिथल्या तिथे ‘कुक’ खोडून ‘कुक्ड’ केलं. मी एक शब्द बोलले नाही.

‘एव्हरी संडे’चा उतारा चार वेळा झाला. पहिल्या वेळी आठांतली तीन क्रियापदं सुटली, काल एकच सुटलं, तेही ‘पुट’. ते बदलत नाही हे कळल्यावर त्याला बहुतेक आनंदच झाला, चिनीसारखं आहे म्हणाला.

वाचनाला मी थोडी वेगळी वाट काढली. लांब वाक्य आयतं देत नाही. ‘द मॅन लिव्ह्ज निअर द टेंपल’ इथून सुरू करतो आणि तो स्वतः मधे एकेक तुकडा घालतो: कोणता माणूस, कोणती छत्री. वाक्य त्यानेच वाढवलेलं असल्यामुळे मुख्य क्रियापद हरवत नाही. मग पुस्तकातलं वाक्य आलं की तो उलट्या क्रमाने तुकडे काढत जातो. परवा पाऊण पानाचा उतारा असा सोडवला, वीस मिनिटं लागली, पण अर्थ नेमका सांगितला.

ही-शी अजून तसंच आहे. फोटोत आजीवर बोट ठेवून ‘ही’ म्हणतो, मग स्वतःच थांबतो. थांबतो हे नवीन आहे. धाकटीचं मात्र आठवड्यात सुटलं, ती दादाला मधेच टोकते आणि तो चिडतो, म्हणून आता दोघांचे तास वेगळे केलेत. तिचा साडेचारला, त्याचा सव्वापाचला.