प्रश्नावलीतला पहिला प्रश्न
‘तुम्हाला सर्वांत जास्त भीती कशाची वाटते?’ हा भयपटाच्या दोन मिनिटांच्या सुरुवातीसाठी तुम्ही केलेल्या प्रश्नावलीतला पहिला प्रश्न काढून टाका, असं मी सुचवेन. उत्तरं ठरलेलीच येतात: भूत, अंधार, बाहुली. त्यावरून दोन मिनिटांची सुरुवात सुचत नाही. त्यापेक्षा कच्चं संकलन (दृश्यं ढोबळपणे जोडलेली पहिली आवृत्ती) पाच-सहा जणांना दाखवा आणि पडद्याकडे नाही, त्यांच्याकडे बघा. कोण कुठे दचकलं, कुणी मोबाइल काढला, सेकंदासकट टिपा. ‘जॉज’ या शार्कवरच्या थरारपटाच्या (१९७५) चाचणी खेळात प्रेक्षक किंचाळले, तेव्हा दिग्दर्शक स्पीलबर्गला आणखी एक किंकाळी हवीशी वाटली, बोटीतल्या मुंडक्याचं दृश्य त्यानं संकलक व्हर्ना फील्ड्सच्या पोहण्याच्या तलावात नव्यानं चित्रित केलं. आणि हो, प्रेक्षक वर्गमित्र नकोत, त्यांना कथा आधीच माहीत असते.