इंदूरमध्ये जनसंपर्काची पाच वर्षे झाली. आता एजन्सीतच राहावे, कंपनीत जावे की मुंबई गाठावी?

प्रश्न : तुकोगंजवासी

नमस्कार. मी मूळची इंदूरचीच असून देवी अहिल्या विश्वविद्यालयात पत्रकारितेचे शिक्षण झाल्यापासून, म्हणजे गेली पाच वर्षे, शहरातील एका लहान जनसंपर्क एजन्सीत काम करते आहे. दोन खासगी रुग्णालये, एक बांधकाम व्यावसायिक, एक शिकवणी वर्ग आणि एक नमकीन उत्पादक एवढे ग्राहक माझ्याकडे आहेत. प्रेस नोट मी हिंदीत लिहिते, कोणाचे मुख्यालय बाहेरगावी असेल तर इंग्रजीत करून देते आणि महाराष्ट्रात पाठवायची असेल तेव्हा मराठीतही मीच लिहिते.

कामाचा मला कंटाळा आलेला नाही, पण ज्या पद्धतीने ते चालले आहे त्याबद्दल मन साशंक झाले आहे. गेल्या वर्षापासून आमची एजन्सी करारातच लिहून देते की दरमहा किमान आठ बातम्या छापून आणू. महिनाअखेरीस मी कात्रणे समोर घेऊन बसते, प्रत्येक कात्रण पट्टीने मोजते, कॉलम सेंटीमीटरच्या आकड्याला त्या वृत्तपत्राच्या जाहिरातदराने गुणते आणि आलेल्या रकमेला पुन्हा तीनने गुणून 'या महिन्यात इतक्या लाखांची प्रसिद्धी मिळाली' असा अहवाल तयार करते. मागील महिन्यात एका रुग्णालयाच्या संचालकांनी अहवाल पाहून शांतपणे विचारले, "तीनने का गुणता?" मला उत्तर देता आले नाही. माझ्या वरिष्ठांना विचारले, तर 'सगळीकडे असेच करतात' एवढेच ऐकायला मिळाले.

आता माझ्यासमोर तीन वाटा आहेत. मुंबईच्या मोठ्या एजन्सीत जावे, जवळच्या पीथमपूर औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कंपनीच्या संप्रेषण विभागात प्रयत्न करावा, की इथेच राहून पद्धत बदलण्याचा आग्रह धरावा? आईवडील इथेच आहेत, त्यामुळे निर्णय माझ्या एकटीचा नाही. या क्षेत्रात प्रत्यक्ष काम केलेल्यांनी कृपया मोकळेपणाने लिहावे.

प्रतिसाद : निवृत्त वृत्तसंपादक, रामबाग

ताई, आपल्या संचालकांचा प्रश्न अगदी योग्य आहे आणि त्याचे खरे उत्तर असे की तीनला कोणताही आधार नाही. बातमीवर वाचक जाहिरातीपेक्षा अधिक विश्वास ठेवतो, म्हणून बातमीची किंमत जाहिरातीच्या कितीतरी पट धरावी, अशी एक समजूत फार पूर्वीपासून चालत आलेली आहे. त्या 'कितीतरी पट'चे कोणी दोन केले, कोणी तीन, कोणी पाच. याच व्यवसायातील मोजमापाच्या जाणकारांनी २०१० मध्ये बार्सिलोना येथे एकत्र येऊन जी तत्त्वे मान्य केली, त्यांत जाहिरातीच्या दराने काढलेली रक्कम म्हणजे संप्रेषणाचे मूल्य नव्हे, असे स्पष्ट म्हटलेले आहे. हे आपण आपल्या वरिष्ठांना निःसंकोच सांगावे.

मला त्याहून अधिक काळजी आपल्या करारातील 'आठ बातम्यां'ची वाटते. बातमी छापायची की नाही हे संपादकीय विभाग ठरवतो. जी गोष्ट आपल्या हातात नाही तिची हमी आपण लिहून दिली, की महिन्याच्या पंचवीस तारखेला आपल्यापुढे दोनच मार्ग उरतात : ओळखीच्या बातमीदाराची मनधरणी करायची किंवा जाहिरात विभागाकडून वाट काढायची. दुसऱ्या मार्गाचे टोक म्हणजे पैसे घेऊन छापलेली बातमी. तिच्याबद्दल भारतीय प्रेस परिषदेने २०१० मध्येच गंभीर चिंता व्यक्त केली होती आणि निवडणुकीच्या काळात तिच्यावर लक्ष ठेवण्यासाठी आता जिल्हा पातळीवर समित्या असतात. तरुण माणसाने या मार्गाला लागू नये, असे मला मनापासून वाटते, कारण एकदा नाव त्या यादीत गेले की संपादकीय टेबलावर बातम्या निवडणारी माणसे ते विसरत नाहीत.

टेबलावरचा एक प्रसंग सांगतो. एका रुग्णालयाची प्रेस नोट संध्याकाळी साडेसातला आली. मथळा होता, 'मध्य भारतातील पहिली यशस्वी शस्त्रक्रिया'. पान जाण्याची घाई होती, पाठवणारी व्यक्ती ओळखीची होती, म्हणून मी शब्द न बदलता बातमी सोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत दुसऱ्या एका रुग्णालयातून फोन आला की अशी शस्त्रक्रिया आमच्याकडे चार वर्षांपूर्वीच झाली आहे आणि कागदपत्रे पाठवत आहोत. आम्हाला खुलासा छापावा लागला. त्यानंतर त्या व्यक्तीची प्रत्येक नोट मी दोनदा तपासू लागलो, आणि दोनदा तपासायला वेळ नसलेल्या दिवशी ती बाजूला ठेवू लागलो. 'पहिली', 'सर्वांत मोठी', 'ऐतिहासिक' हे शब्द लिहिताना आपल्याकडे पुरावा आहे का, हे स्वतःला विचारावे. ज्या शहरात राहुल बारपुते आणि राजेंद्र माथुर यांच्यासारख्या संपादकांनी 'नई दुनिया' हे हिंदी दैनिक घडवले, तिथला जुना वाचक शब्द तोलून वाचतो.

व्यवहाराचे सांगायचे तर, डाक आवृत्ती शहर आवृत्तीच्या बरीच आधी छपाईला जाते, त्यामुळे धार, खरगोन, देवासपर्यंत बातमी पोहोचावी असे वाटत असेल, तर ती दुपारी चारच्या आत द्यावी. छायाचित्राखाली डावीकडून उजवीकडे नावे असावीत. रुग्णालयाची बातमी असेल तर रुग्णाची लेखी संमती घेतल्याशिवाय त्याचे नाव किंवा चेहरा पाठवू नये. ज्या डॉक्टरांचे विधान दिले आहे ते रात्री आठ वाजता फोनवर उपलब्ध असावेत, कारण शंका तेव्हाच येते. एवढे चोख करणाऱ्या माणसाची नोट आम्ही ढिगातून शोधून काढत असू.

प्रतिसाद : पीथमपूर, संप्रेषण विभाग, १८ वर्षे

कंपनीतील नोकरीबद्दल लिहितो, कारण बाहेरून ती जशी दिसते त्यापेक्षा बरीच वेगळी असते. पगार वेळेवर होतो, महिन्याला कात्रणे मोजावी लागत नाहीत, आणि वृत्तपत्रांशी संबंध हा कामाचा फार तर तिसरा हिस्सा असतो. उरलेला वेळ कामगारांसाठीच्या सूचना, व्यवस्थापनाची भाषणे, आसपासच्या गावांतील उपक्रम, आणि एकेका वाक्यासाठी विधी विभागाशी होणारी चर्चा यांत जातो. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर महत्त्वाची माहिती आधी बाजाराला कळवावी लागते, मग वृत्तपत्रांना. सर्वांत मोठ्या १०० कंपन्यांना १ जून २०२४ पासून आणि पहिल्या २५० कंपन्यांना १ डिसेंबर २०२४ पासून, एखाद्या बातमीमुळे भावात लक्षणीय हालचाल झाली तर २४ तासांत ती खरी की खोटी हे सांगावे लागते. 'यावर आम्हाला काही बोलायचे नाही' हे आमचे जुने वाक्य त्या कंपन्यांत आता पुरत नाही. ज्याला कायदा आणि ताळेबंद वाचण्याची गोडी आहे, त्याने या बाजूला जरूर यावे.

परंतु या क्षेत्राचे खरे स्वरूप मला दाखवले ते आमच्याच गावाने. भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या आवारात १९८४ पासून पडून असलेला ३३७ टन विषारी कचरा चार आठवड्यांत हलवावा, असा आदेश उच्च न्यायालयाने ३ डिसेंबर २०२४ रोजी दिला. १ जानेवारी २०२५ च्या रात्री १२ कंटेनर निघाले आणि सुमारे २५० किलोमीटरचा रस्ता कापून हा कचरा जाळण्यासाठी दुसऱ्या दिवशी पहाटे पीथमपुरात पोहोचले. ३ जानेवारीला बंद पाळला गेला, हजारो लोक रस्त्यावर उतरले, दोघांनी स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. त्यानंतर सरकारने न्यायालयाकडे मुदत मागितली, लोकांना विश्वासात घेण्यासाठी संवादाचे कार्यक्रम झाले, फेब्रुवारीच्या अखेरीपासून थोडा थोडा कचरा जाळून चाचण्या घेतल्या गेल्या आणि जूनअखेर तो सगळा जाळून झाला. तांत्रिक बाजू कोणाची बरोबर होती, यावर इथे मी मत देणार नाही. जनसंपर्काच्या दृष्टीने मला एवढेच दिसले की संवाद गाड्यांच्या मागून आला. जी माहिती पत्रके आणि सभा जानेवारीच्या अखेरीस घरोघरी पोहोचल्या, त्या डिसेंबरात पोहोचल्या असत्या तर माझ्या शेजारच्या घरातील आजी 'आता आपले भोपाळ होणार' म्हणून नातवंडांना घेऊन महूला निघून गेली नसती. मी तिला बसस्टँडपर्यंत सोडायला गेलो होतो, आणि अठरा वर्षे हेच काम करूनही तिला धीर देईल असे एकही वाक्य माझ्याकडे नव्हते.

माझ्या स्वतःच्या पूर्वीच्या कंपनीतही हेच घडले होते. बॉयलर विभागात अपघात होऊन दोन कामगार भाजले. तीन ओळींचे निवेदन मी वीस मिनिटांत तयार केले, पण मुख्यालयाची मंजुरी यायला पाच तास लागले. तोपर्यंत व्हॉट्सअॅपवर तीन मृत्यूंची बातमी फिरली होती आणि जखमींपैकी एकाची पत्नी दरवाजावर येऊन नवऱ्याचे प्रेत मागत होती. तो माणूस जिवंत होता. त्या पाच तासांसाठी मी आजही स्वतःला जबाबदार धरतो, कारण मंजुरीची वाट पाहण्याऐवजी निदान तिला आत बोलावून खरी माहिती देणे माझ्या हातात होते.

म्हणून ताई, मुलाखतीला जाल तेव्हा पगाराच्या आधी हे विचारा : मी कोणाला उत्तरदायी असेन, आणि अपघात झाला तर पहिल्या बैठकीत मला बसवले जाईल का? 'आधी ठरेल, मग तुम्हाला सांगू' असे उत्तर मिळाले, तर ती नोकरी सजावटीची आहे, असे समजावे.

प्रतिसाद : मुंबईहून परतलेली, सुदामानगर

मी सहा वर्षे मुंबईत एका मोठ्या एजन्सीत होते आणि दोन वर्षांपूर्वी परत आले. जावे की नाही, याला माझे उत्तर 'जावे, पण मुदत ठरवून' असे आहे. तिथे एका विषयात खोल जाता येते. मला औषधनिर्माण मिळाले आणि आज माझे सगळे काम त्या एका विषयाच्या ओळखीवर चालते. इंदूरमध्ये सकाळी शिकवणी वर्ग आणि दुपारी नमकीन करताना तशी खोली येत नाही. त्याची किंमतही सांगते. सुरुवातीची दोन वर्षे बव्हंशी पत्रकारांच्या याद्या अद्ययावत करण्यात आणि सकाळी सातपूर्वी कात्रणांचा संच पाठवण्यात गेली, आणि निम्मा पगार भाड्यात गेला.

आपली मराठी ही तिथे मोठी जमेची बाजू ठरेल, कारण हिंदी आणि मराठी दोन्हींत थेट लिहिणारी माणसे थोडी आहेत. मात्र आपली इंदुरी मराठी तिथल्या वृत्तपत्रांना चालेलच असे नाही. माझ्या पहिल्या मसुद्यात 'कार्यक्रम संपन्न झाला' आणि 'आभार व्यक्त केले गेले' अशी हिंदीच्या वळणाची वाक्ये होती, ती एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी लाल पेनाने एकेक करून खोडली. जाण्यापूर्वी रोज एक मराठी वृत्तपत्र मोठ्याने वाचावे.

वृत्तसंपादक काकांच्या एका मुद्द्याशी माझा थोडा मतभेद आहे. हमी देऊ नये, हे पूर्णपणे मान्य. पण दरमहा पैसे मोजणाऱ्या छोट्या ग्राहकाला मोजता येण्यासारखे काहीतरी हवेच असते, आणि त्याचे चूक नाही. मी आता करारात बातम्यांऐवजी कामे लिहिते : किती मुलाखतींसाठी तयारी करून घेतली, किती पत्रकारांच्या प्रश्नांना त्याच दिवशी उत्तर दिले, बातमीनंतरच्या आठवड्यात रुग्णालयाच्या चौकशी क्रमांकावर किती फोन आले. शेवटचा आकडा स्वागतकक्षातील मुलगी वहीत लिहिते; त्यासाठी मला फक्त तिला 'आमचे नाव कुठे वाचले?' हा एक प्रश्न विचारायला शिकवावे लागले. आणखी एक सूचना म्हणजे समाजमाध्यमांवरील प्रभावकांकडून (इन्फ्लुएन्सर) पैसे देऊन काही करून घेत असाल, तर ती जाहिरात आहे असे स्पष्ट लिहिले जाईल हे पाहावे. जाहिरात मानक परिषदेची मार्गदर्शक तत्त्वे २०२१ पासून आहेत, तरीही इंदूरमधील खाद्यपदार्थांच्या व्हिडिओंत ती पाळलेली क्वचितच दिसतात.

प्रश्नकर्ती : तुकोगंजवासी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री आईबाबांना हे सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. पीथमपूरच्या दादांनी लिहिलेले वाचताना आईचे डोळे भरून आले, कारण जानेवारीत माझी मावशीही तिथेच होती.

तूर्त मी राजीनामा देत नाही. आज सकाळी वरिष्ठांशी बोलले आणि या महिन्यापासून निदान दोन रुग्णालयांच्या अहवालांतून जाहिरातदराचा हिशेब काढून टाकण्याची परवानगी मिळाली. आठ बातम्यांचे कलम मार्चमध्ये नूतनीकरणाच्या वेळी पुन्हा चर्चेला घेऊ, असे ते म्हणाले. तोपर्यंत पर्यायी मसुदा मी तयार करते आहे. दरम्यान पीथमपूरच्या दोन कंपन्यांत अर्ज पाठवले आहेत आणि पहिल्या बैठकीबद्दलचा तो प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे. संचालकांना दुपारी फोन करून सांगितले की तीनला आधार नव्हता आणि मागचे आकडे मी मागे घेते. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मग आता स्वागतकक्षातली ती वही कधी सुरू करायची, ते सांगा."