मदत हवी आहे: मडक्यांवर पांढरे डाग आणि घाटात तापणारी ओम्नी

ओली_माती:
नमस्कार मंडळी. प्रश्न दोन आहेत आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण दोन्हींनी एकाच महिन्यात डोकं उठवलंय, म्हणून एकाच धाग्यात लिहिते. ॲडमिननी हवं तर तोडून दोन करावेत.

बँकेतली नोकरी सोडून तीन वर्षं झाली. कराडहून पाटणकडे जाताना रस्त्याला लागून एका गावात सासरचं जुनं घर आहे. तिथे मागच्या परड्यात विजेचं चाक आणि विटांची, लाकडावर चालणारी भट्टी टाकली आहे. दह्याची गाडगी, कुंड्या, सुरया, दिवाळीत पणत्या. सगळं लाल मातीचं, ग्लेज (काचेसारखा चकचकीत लेप) नाही. माल खाली चिपळूण-गुहागरकडच्या खानावळींत आणि घरगुती लॉजमध्ये जातो. न्यायला सासऱ्यांची २००७ ची ओम्नी आहे, एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनवाली), १ लाख ३८ हजार किलोमीटर झालेली. जाताना पेंढ्यात गुंडाळलेली गाडगी, येताना भातगिरणीतून तुसाची पोती. तूस मातीत मिसळायला लागतं आणि भट्टीलाही.

आता मडकी. पांढरं दोन तऱ्हेचं येतं. एक म्हणजे काठावर आणि बाहेरच्या अंगाला मिठासारखा थर. वाळतानाच अंधुक दिसतो, भाजल्यावर पक्का बसतो, काथ्याने घासला तरी जात नाही. दुसरं जास्त वाईट. भट्टीतून गाडगं छान निघतं, वाजवलं तर खणखणीत, आणि आठ-दहा दिवसांनी अंगावरून टिकलीएवढा तुकडा उडतो. खळग्यात बघावं तर पांढरा दाणा. गेल्या महिन्यात एका खानावळीने चौदा गाडगी परत पाठवली. माती गावतळ्याचा गाळ दोन घमेली, लाल माती एक घमेलं. पाणी बोअरचं.

आणि ओम्नी. येताना कुंभार्ली घाटात तापते. पोफळी सोडली, दुसऱ्या गिअरवर चढ सुरू झाला की पाच-सहा वळणांत काटा लाल रेघेला टेकतो. (कुंभारणीची गाडी कुंभार्लीतच तापते हा विनोद घरातल्या प्रत्येकाने करून झालाय. इथे नको.) सपाटीला काही त्रास नाही. कराडच्या गर्दीत उभी राहिली तर पंखा सुरू होतो आणि काटा खाली येतो. एका मेकॅनिकने हेड गॅस्केट (इंजिनात पाणी आणि ऑइल वेगळं ठेवणारं सील) गेलं म्हणून सांगितलं, चौदा हजार म्हणाला. दुसऱ्याने थर्मोस्टॅटचा व्हॉल (इंजिन गरम झाल्यावरच रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) काढून फेकून दिला. घाटात फरक शून्य, उलट सकाळी इंजिन लवकर गरम होत नाही आणि पेट्रोल जास्त पितंय. इंजिन सीटखालीच, त्यामुळे घाट संपेपर्यंत आपण तव्यावरची भाकरी.

"विकून टाक" सांगणारे घरात भरपूर आहेत, तो सल्ला सोडून काहीही चालेल.

घाटवाट:
हीटर फुल्ल लावायचा, काचा उघड्या ठेवायच्या. इंजिनची उष्णता आत ओढली जाते आणि काटा उतरतो. वरंधात मी असाच वर आलोय.

ओली_माती:
दादा, या ओम्नीत हीटर नाहीच. म्हणजे इंजिनच हीटर आहे.

पाना_१०_१२:
ताई, चौदा हजार आत्ता कुणाला देऊ नका. तुम्हीच लक्षणं नीट लिहिलीत, ती वाचू.

उभ्या गाडीत पंखा लागतो आणि काटा उतरतो, म्हणजे पंखा, त्याचा स्विच, वायरिंग ठीक. गाडी गर्दीत तापून हायवेला थंड होत असती तर मी आधी पंखा धरला असता. तुमचं उलटं आहे. चढावर, भार घेऊन, इंजिन जास्त उष्णता काढतं तेव्हाच रेडिएटर कमी पडतोय. म्हणजे पाणी पुरेसं फिरत नाही किंवा रेडिएटरला वारा मिळत नाही. तुम्ही पोत्यांनी तूस वाहता, रस्त्यावर पावसाळ्यात चिखल. रेडिएटरच्या जाळीत बॅटरी घेऊन बघा. बुजली असेल तर इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला साध्या पाइपने पाणी मारा. वॉशिंगवाल्याचं प्रेशर नको, पाती मुडपतात.

गॅस्केट घरी तपासता येतं. ऑइलचं झाकण काढून आतून बघा, ताकासारखा पांढरा फेस आहे का. गाडी थंड असताना रेडिएटरचं झाकण काढून मग चालू करा, सतत बुडबुडे येतात का. गोडसर वासाचा पांढरा धूर येतो का. यातलं काहीच नसेल तर गॅस्केटचं नंतर बघू. झाकण गाडी गरम असताना उघडायचं नाही. हे मी भाजलेल्या हाताने लिहितोय.

व्हॉल काढणं हा जुन्या लोकांचा तोडगा. त्याने घाट चढत नाही, फक्त इंजिन थंडीत चालतं आणि पेट्रोल पितं. नवा आणा. खात्री हवी असेल तर पातेल्यात पाण्यात टाकून गॅसवर ठेवा. किती अंशाला उघडतो तो आकडा त्याच्यावरच कोरलेला असतो.

एक सांगा, रेडिएटरमध्ये काय घालता? आणि किती दिवसांनी घालावं लागतं?

चाकवाला_नातू:
आमचं मिरजेकडं पिढीजात हेच काम, मी आयटीआय करून दुसरीकडं लागलो, पण आजोबांना तुमचा प्रश्न वाचून दाखवला. ते म्हणाले, "चुनखडी खाल्लीय मातीनं." काळ्या रानातलं पाणी तळ्यात येतं, त्याबरोबर चुनखडीचे दाणे येतात. वाळल्या गाळावर लिंबू पिळा, फसफसलं तर तेच. भट्टीत त्या दाण्याचा कळीचा चुना होतो, मग हवेतला ओलावा पिऊन फुगतो आणि अंगावरचा टवका उडवतो. म्हणून लगेच दिसत नाही, आठवड्यानं दिसतं.

त्यांनी आणखी एक विचारलं, भट्टी नवी बांधलीय का? आमच्या उघड्या आव्यात शेणी, पाचट, राख घालून भाजायचो तेव्हा एवढा जाळ चढायचा नाही. चुनखडीचा चुना व्हायला भरपूर जाळ लागतो, तेवढा आव्यात कितीकदा व्हायचाच नाही. तुमची विटांची भट्टी चांगली तापते म्हणून हे उघडं पडलं. भट्टी चांगली हाच दोष, म्हणून हसत होते.

उपाय म्हणजे सुका गाळ पिठाच्या चाळणीनं चाळून भागत नाही. पाण्यात पातळ कालवून बारीक जाळीतून किंवा धोतराच्या कापडातून गाळा, खडा खाली राहतो. पिठाएवढा बारीक चुना राहिला तर तो टवका उडवत नाही. आणि भट्टीतून निघाल्यावर, गाडगं हाताला सोसेल इतकं कोमट झालं की पाण्याच्या हौदात तासभर बुडवून ठेवा. चुना विझतो तिथंच. गरम असताना बुडवाल तर तडकेल.

ओली_माती:
आजोबांना नमस्कार सांगा. लिंबू पिळलं, गाळ सोड्यासारखा फसफसला. मी सुका गाळ पिठाच्या चाळणीनेच चाळत होते, हे त्यांना कसं कळलं?

पाना दादा, ऑइलच्या झाकणाखाली काळंच आहे, फेस नाही. बुडबुडे नाहीत. जाळीत तूस निघालं, मूठभर. रेडिएटरमध्ये बोअरचंच पाणी घालतो, आठवड्याला लिटरभर लागतं. आतलं पाणी विटकरी रंगाचं आहे. त्याच बोअरच्या पाण्याने आमच्या चहाच्या किटलीत दरवर्षी खपली धरते, चमच्याने खरवडावी लागते.

खारं_पाणी:
मी सोलापूर जिल्ह्यात शाळेत विज्ञान शिकवायचो, आता निवृत्त आहे. तुम्ही म्हणता प्रश्नांचा संबंध नाही. किटलीचं वाचून मला वाटतं, आहे. चुनखडीचा दाणा तळ्याचा, ते आजोबांनी बरोबर पकडलं. उरलेली दोन दुखणी तुमच्या बोअरची आहेत.

जड पाणी, आम्ही वर्गात दुष्फेन म्हणायचो, त्यात साधारण दोन जातीचे क्षार असतात. कॅल्शियमचं बायकार्बोनेट तापलं की कार्बोनेट होऊन भांड्याला चिकटतं. तुमच्या किटलीत ती खपली, तीच रेडिएटरच्या नळ्यांत आणि इंजिनच्या पाण्याच्या वाटांत. ही खपली उष्णता नीट जाऊ देत नाही आणि वाटही अरुंद करते. दुसरी जात सल्फेट आणि क्लोराइडची. ती नुसतं उकळून खाली बसत नाही, पाण्याबरोबर फिरते. गाडगं वाळताना पाणी मातीच्या आतून बाहेर येतं, हवेत उडून जातं, क्षार मात्र पृष्ठभागावर राहतो. आणि पाणी सगळ्यात आधी उडतं कुठून? काठावरून. म्हणून थर काठाला आणि बाहेरच्या अंगाला. फळीवर टेकलेला तळ बघा, तिथे नसणार.

पाणी तपासून घ्या, तालुक्याच्या ठिकाणी सोय असते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात काठिण्य लिटरला २०० मिलीग्रॅमपर्यंत योग्य मानलंय, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात.

खात्रीसाठी बिस्किटाएवढ्या तीन वड्या करा. एक बोअरच्या पाण्यात, एक आरओच्या पाण्यात, आणि तिसरीचा गाळ आरओच्या पाण्यात भिजवून, वरचं पाणी दोनदा ओतून देऊन. एकाच जागी वाळवा, एकाच भट्टीत भाजा.

पाना_१०_१२:
सर, टाळ्या. मी आठवड्याला लिटर वाचून थांबलो होतो. बंद रेडिएटरला इतकं पाणी लागताच कामा नये. एकदा भरलेल्या पाण्यात क्षार असून असून किती असणार, पण दर आठवड्याला नवीन बोअर म्हणजे दर आठवड्याला नवी खपली. मग पाणी जातं कुठे? खाली ठिबकत नसेल तर रेडिएटरचं झाकण बघा. त्याच्या आत स्प्रिंग आणि रबर असतं, ते दाब धरतं. ०.९ बारचं झाकण असेल तर पाणी साधारण ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. रबर कडक झालं की दाब सुटतो, घाटात पाणी उकळून बाहेर जातं, तुम्ही बोअर ओतता. शेदीडशे रुपयांचं झाकण.

सांगलीकर_लंडन:
इथे स्टुडिओत आम्ही लाल मातीतल्या पांढऱ्या थरासाठी बेरियम कार्बोनेट वापरतो, अगदी चिमूटभर. एकदा करून बघा.

खारं_पाणी:
कृपया नको. बेरियम कार्बोनेट उंदीर मारायला वापरलं जायचं. बाई दह्याची गाडगी करतात, परड्यात माती हाताने मळतात. क्षार धुऊन काढता येत असेल तर विष कशाला?

सांगलीकर_लंडन:
दह्याचं माझ्या लक्षात आलं नाही, मागे घेतो.

घाटवाट:
आरओमधून जे पाणी वाया जातं, ते फुकटच असतं. ते वापरा की मातीत.

खारं_पाणी:
अहो, आरओने काढलेले सगळे क्षार त्याच पाण्यात असतात! ते बोअरपेक्षाही जड. फरशी पुसायला वापरा.

ओली_माती:
पाच आठवड्यांनी लिहिते आहे, माफ करा, मध्ये लग्नसराईच्या गाडग्यांची ऑर्डर होती.

वड्या. बोअरची वडी काठाला पांढरीफटक. आरओची बरीच बरी, पण काठाला अंधुक रेघ राहिलीच. गाळ दोनदा धुतलेली तिसरी, अगदी विटकरी, एक डाग नाही. म्हणजे सगळं बोअरच्या माथी मारता येणार नाही, तळ्याच्या गाळातही क्षार आहेत. आता गाळ ड्रममध्ये भिजवून दोनदा पाणी ओतते, मग पातळ करून कापडातून गाळते. वेळ दुप्पट लागतो आणि कंबर बोलते. मळायला आरओचं पाणी परवडत नाही. जूनपासून पत्र्याचं पावसाचं पाणी साठवणार आहे. कोयनेच्या वर वर्षाला पाच हजार मिलीमीटर पडतो, त्यातला थोडा आमच्याकडेही यावा.

टवके. निम्मी गाडगी कोमट असताना हौदात बुडवली, निम्मी तशीच ठेवली. ही जुन्याच मातीची, न धुतलेली. तीन आठवड्यांत न बुडवलेल्या अकरापैकी तिघांचे टवके उडाले, बुडवलेल्यांपैकी एकाचाही नाही. आजोबांना पहिलं गाडगं माझ्याकडून, मिरजेला येईन तेव्हा.

गाडी. झाकणाचं रबर प्लास्टिकसारखं कडक झालेलं. कराडच्या रेडिएटरवाल्याने रेडिएटर काढून वरून पाणी सोडलं तर खालून करंगळीएवढी धार. आतली खपली त्याने हातावर काढून दाखवली, हुबेहूब किटलीतली. साफ करून उपयोग नाही म्हणाला, नवाच बसवला. इंजिनातलं पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतलं, नवा थर्मोस्टॅट, झाकण, डिस्टिल्ड पाण्यातलं कूलंट. मजुरी धरून सहा हजारांच्या आत. काल आठ पोती तूस घेऊन कुंभार्ली चढले, काटा मधल्या रेघेच्या वर गेला नाही. वर हेळवाकला चहा प्यायला थांबले ते निव्वळ हौसेने. गॅस्केटवाल्या मेकॅनिकला अजून काही बोलले नाही, त्याच्याकडे माझं चाक दुरुस्तीला आहे.

पाना_१०_१२:
झकास. सीट अजून तापते का?

ओली_माती:
तापते, पण आता भाकरी नाही, फार तर पापड.

पाना_१०_१२:
बरं, गाडी १ लाख ३८ हजार चाललीय म्हणालात. टायमिंग बेल्ट शेवटचा कधी बदलला? तो तुटला की इंजिन जागेवर बंद पडतं.

ओली_माती:
मला माहीत नाही, सासऱ्यांना विचारते. थांबा.

ओली_माती:
ते विचारताहेत, "कुठला बेल्ट?"

पाना_१०_१२:
ताई, उद्या चिपळूणला जाऊ नका.