मदत हवी आहे: नवं यंत्र आलं आणि माझाच तोल गेला

नमस्कार मंडळी. मी आमच्या गावच्या दूध संस्थेची अध्यक्ष. दोन महिन्यांपूर्वी संकलन संगणकावर नेलं. वजन, फॅट (दुधातला स्निग्धांश), एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) थेट पावतीवर. पूर्वी वहीत थोडंफार सांभाळून घेतलं जायचं, ते थांबलं. गायीच्या दुधाला 3.5 फॅट, 8.5 एसएनएफच्या खाली भाव कापला जातो.

परवा सकाळी एक जुने सभासद 3.2 फॅटची पावती हातात धरून उभे राहिले. "आम्ही काय पाणी घालतो का गं?" मागे रांग, मी फटकन बोलले, "मशीन खोटं बोलत नाही, काका." ते काहीच न बोलता रिकामी किटली उचलून गेले. संध्याकाळी त्यांचं दूध आलं नाही.

खरं तर ओला चारा जास्त आणि कडबा कमी पडला तरी फॅट उतरतं. हे शांतपणे सांगता आलं असतं, त्यांच्यासमोर दुसरा नमुना लावता आला असता. सुचलं ते घरी आल्यावर.

आज त्यांच्या घरी जाणार आहे. पण रोज सकाळी रांगेत कोणीतरी चिडतंच. अशा वेळी उत्तर देण्याआधी तुम्ही स्वतःला कसं थांबवता? आणि काही दिवस सगळ्यांसमोर दुबार तपासणी ठेवावी का? ज्यांनी हा बदल निभावलाय त्यांनी कृपया सांगा.