मदत हवी आहे : बेंगळुरू ते सॅन फ्रान्सिस्को, थेट की थांबा घेऊन?

नमस्कार मंडळी. आई-बाबा खानापूरहून ताईच्या बाळंतपणाला सॅन फ्रान्सिस्कोला निघालेत. पहिलाच विमानप्रवास. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून बेंगळुरू गाठायचं की राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्रभर जायचं, ते आमचं आम्ही बघतो. अडलंय पुढं.

बेंगळुरू ते सॅन फ्रान्सिस्को सरळ अंतर साधारण १४,००० किलोमीटर. ताशी ९०० धरले तर साडेपंधरा-सोळा तास. फ्रँकफर्टमार्गे आधी ७,४००, मग ९,१०० च्या आसपास, म्हणजे अडीच हजार जास्त. पण बाबांना मधुमेह, आईचे गुडघे धरलेले. सलग सोळा तास बसवायचं का? माझा कल थांब्याकडं आहे. ताई म्हणते, फ्रँकफर्टला गेट शोधताना दोघं गोंधळतील. तिथं ना मराठी, ना कन्नड!

वेळापत्रकात वेळा स्थानिक असतात आणि तिकडचं घड्याळ उन्हाळ्यात साडेबारा तास मागं. दुपारी दोनला निघालेलं थेट विमान त्याच दिवशी संध्याकाळी साडेपाच-सहाला पोचतंय असं दिसतं. बाबा म्हणाले, "साडेतीन तासांत अमेरिका? तेवढ्यात एसटीनं कोल्हापूर होतंय की!" हसलो सगळे, पण त्यांचं इन्सुलिन कुठल्या घड्याळानं द्यायचं? डॉक्टरांना विचारणारच आहे, तरी कुणी असा प्रवास केला असेल तर सांगा. इन्सुलिन हातातल्या बॅगेतच ठेवणार आहोत.

फ्रँकफर्टला विमान बदलायला किती तास हाताशी ठेवावेत? आणि व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगायची की नंतर चालते?