मदत हवी आहे: एक्सएसएलटी १.० मध्ये गट पाडून सॉर्ट

मंडळी, जळगावातल्या एका केळी व्यापाऱ्याच्या खरेदी-पावत्या एक्सएमएलमध्ये येतात. रावेर, यावल, चोपडा असे तालुकावार गट पाडून, ज्याचं वजन जास्त तो तालुका वर, असा तक्ता एक्सएसएलटीने (एक्सएमएलचं रूपांतर करणारी भाषा) हवाय. सर्व्हरवर एक्सएसएलटीप्रोक (ती चालवणारा प्रोग्राम) आहे, म्हणजे १.० वरच भागवायचं, २.० मधलं फॉर-ईच-ग्रुप (थेट गट पाडणारी सूचना) विसरा.

सध्या प्रत्येक तालुक्यासाठी दुहेरी स्लॅशने अख्खी फाइल धुंडाळली जाते, शिवाय वेगळे तालुके काढायला प्रिसीडिंग (आधीच्या सगळ्या नोंदी तपासणं) आहेच. हंगाम भरात आला की तक्ता येईपर्यंत चहा पिऊन होतो.

एक्सएसएल:की (तालुक्यावरून पावत्या चटकन शोधणारी सूची) लावायची आणि जनरेट-आयडीने (प्रत्येक नोंदीची वेगळी ओळख देणारं फंक्शन) गटातली पहिली पावती धरायची, इथवर कळलं. पण सॉर्टच्या सिलेक्टमध्ये थेट सम() (बेरीज) टाकून, आत की() ने त्या तालुक्याची वजनं घेतली तर वेगाला मारक ठरेल का? बेरीज आधीच वेगळ्या फेरीत करून ठेवावी? (डेटा-टाइप नंबर दिलाय, नाहीतर ११५० च्या आधी ९५० येतं.)

दुसरं, गावांची यादी. सावदा आधी, साळवे नंतर हवं. युनिकोडात 'ळ' हा 'व'च्या आधी, म्हणून उलटं येतं. सॉर्टला लँग 'एमआर' (म्हणजे मराठी भाषा) देऊन कोणी हे जमवलंय का, की प्रत्येक गावाला क्रमांकच जोडू?