ऑटोपोएसिसला मराठीत 'स्वयंभू' चालेल का?

पुतण्या इंजिनिअरिंगला आहे, त्याच्या प्रोजेक्टमध्ये हा शब्द आलाय. चिलीच्या मातुराना आणि व्हारेला या जीवशास्त्रज्ञांचा, ग्रीकवरून बनवलेला, ऑटो म्हणजे स्वतः आणि पोएसिस म्हणजे घडवणं. पेशी आपलेच भाग सतत बनवत राहते आणि त्या भागांमुळेच पेशी टिकते असं काहीसं. मी 'स्वयंभू' सांगून मोकळा झालो, आता शंका येतीये.

कसबेकर: स्वयंभू नको हो. अष्टविनायक स्वयंभू, म्हणजे कोणी घडवले नाहीत, प्रकट झाले, एकदाच. इथे घडवणं थांबलं की खेळ खलास. 'पुनरुत्पादन' पण नको, ते विरजण लावण्यासारखं, एका दह्यातून दुसरं दही. मातुराना-व्हारेलांचं १९७४ चं कॉम्प्युटर मॉडेल बघा, चौकटींचा पट, मधे एक उत्प्रेरक, भोवती कच्चा माल, उत्प्रेरकाशेजारी दोन कण आले की त्यांची एक कडी होते, कड्या जुळून कुंपण, कच्चा माल त्यातून आत येतो पण उत्प्रेरक आणि सुट्या कड्या बाहेर जाऊ शकत नाहीत, आणि कुंपणातली एखादी कडी विरघळली तर आतलीच नवी कडी येऊन भोक बुजवते. वाड्याची भिंत खचली तर गवंडी बाहेरून आणावा लागतो, इथे नाही. (उत्प्रेरक मात्र आयता दिलेला आहे, तो कोणी बनवत नाही, हे मला जरा खटकतंच.) मी 'स्वयंनिर्मिती' म्हणेन.

मूळ प्रश्नकर्ता: पटलं. पण प्रोजेक्टमध्ये पुढे 'कॉग्निशन' पण आहे, त्याला काय म्हणायचं? पुतण्याने गणितज्ञ कॉनवेच्या १९७० च्या 'गेम ऑफ लाइफ' या चौकटींच्या खेळातला ग्लायडर नावाचा पाच घरांचा आकार घेतलाय. काल गणिताच्या वहीवर चवळीचे पाच दाणे मांडून बसलो, प्रत्येक घराने आपल्या आठ शेजारघरांतले दाणे मोजायचे, रिकाम्या घराला तीन असतील तर जन्म, दाण्याला दोन किंवा तीन असतील तर जगायचं, बाकी मरण. पहिल्यांदा एकेक दाणा लगेच हलवत गेलो आणि सगळा विचका, कारण सगळी घरं एकदम बदलायची असतात. नीट केल्यावर चार खेपांनी तोच आकार एक घर तिरपा सरकला! याला म्हणे 'जाणीव' आहे??

तिरकस: गणपतीतल्या लाइटच्या माळेसारखं, दिवे जागेवरच, पळतो तो आकार. फरक एवढाच की माळेला बाहेरून कंट्रोलर लागतो. जाणीव वगैरे नाहीच. रँडल बीअर या संशोधकाने ग्लायडरवर केलेलं काम आहे, त्यात मुद्दा असा की शेजारी काय आलं की तो टिकतो, काय आलं की मोडतो, तेवढंच त्याचं जग. ज्या दोन गोष्टींनी त्याच्यात सारखाच बदल होतो त्या त्याच्यासाठी एकच. आपण 'विरजणाला थंडी कळते' म्हणतो ना, तितपत 'कळणं'. आणि 'मला कळलं' मध्ये मी काही करत नाही, मला होतं, त्यामुळे हे क्रियापद फिट बसतं.

कसबेकर: सही! पण नाम काय करणार? 'कळ' म्हणजे दुखणं नाहीतर बटण, 'कळण' म्हटलं तर खानदेशातले लोक भाकरी मागतील.

मूळ प्रश्नकर्ता: 'आकलन' लिहिलंय त्याने. चवळीची उसळ झाली.